गायिका-नटी शांताबाई आपटे : त्यांचें जीवन व कार्य

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत संतांचीं, धर्मगुरूंचीं आणि मंदिराच्या उभारणीस हातभार लावणाऱ्या वाडवडिलांचीं चरित्रें यावयाचीं हें उघडच होतें, व तीं मागील पानांवर वाचकांच्या दृष्टीस पडलींच असतील. परंतु महोत्सव-समितीच्या बैठकींत गायनवृंदांतील व नाट्यमंडळांतील तरुण मंडळींनीं आमच्याकडे अशी मागणी केली कीं, गाण्याला व अभिनयाला ज्यांनीं आयुष्य वाहिलें अशा एखाद्या कलावंताचेंही चरित्र या अंकांत असावें. नटीचें चरित्र पाद्र्यानें लिहावें काय, असा प्रश्न दोघां वडीलधाऱ्यांनीं हंसत हंसत, पण मनापासून विचारला. आमच्या लहानपणीं सिनेमास जाणें हें घरीं सांगून करण्याचें काम नव्हतें, हें आम्हीही विसरलों नाहीं. तरीही विचारांतीं आम्हीं तें काम पत्करिलें, व त्यासाठीं ज्या बाईंची निवड केली त्या ख्रिस्ती नव्हत्या, आपल्या मराठी मुलखाच्या मात्र होत्या. त्यांनीं मराठींत गाइलें, हिंदींत गाइलें, तामिळींत गाइलें, एकदां इंग्रजींतही गाइलें. आणि गाण्याचें व नटण्याचें काम हें सुताराच्या वा लोहाराच्या कामासारखेंच काम आहे, त्याचा मोबदला व मान हक्कानें मागावयाचा असतो, हा आपला हेका त्यांनीं सोडिला नाहीं. या दुसऱ्या गोष्टीपायीं त्यांस जें सोसावें लागलें तें आजच्या तरुणांस बहुधा ठाऊक नसतें.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी या गांवीं झाला. दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, रेल्वेच्या रुळावरचें व कानडी मुलखाच्या अगदीं शिवेवरचें गांव. वडील स्टेशनमास्तर होते. अशा गांवीं मुलांच्या कानांवर मराठी, कानडी व दक्खनी वळणाची हिंदी अशा तिन्ही भाषा सहज पडत असतात, आणि परक्या भाषेचें भय न वाटण्याचें बीज कित्येकदां तेथेंच रुजतें. शांताबाईंच्या बाबतींत तसें झालें असावें असा आमचा तर्क आहे. वाचकांनीं तो तर्क म्हणूनच घ्यावा.

गळा लहानपणापासून गोड. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयांत त्यांचें गाण्याचें शिक्षण झालें, व पुण्यांत गणेशोत्सवांत त्या गाऊं लागल्या. पांढरपेशा घरांतील मुलीनें चारचौघांसमोर गावें ही गोष्ट त्या काळीं कौतुकाची तितकीच कुजबुजीचीही होती. वडील बंधु बाबूराव यांनीं बहिणीच्या गाण्याची व पुढें सर्व व्यवसायाची सूत्रें आपल्या हातीं ठेविलीं. बंधूंचा स्वभाव करडा. रियाज चुकलेला त्यांना खपत नसे. शांताबाईंच्या अंगीं पुढें जो कणखरपणा दिसून आला त्याचें श्रेय कांहीं अंशीं या बंधूंकडे जातें, आणि त्यांच्या स्वभावांतील कांटेही, आमच्या समजुतीप्रमाणें, तेथूनच आले.

त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला तो १९३२ सालीं. चित्रपट बोलूं लागून त्या वेळीं जेमतेम वर्ष झालें होतें; ‘आलम आरा’ १९३१ सालचा, व प्रभात कंपनीचा मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. भालजी पेंढारकर यांनीं ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढिला व त्यांत राधेचें काम शांताबाईंस दिलें. कृष्ण झाला होता तो चौदा वर्षांचा शाहू मोडक. हें नांव येथें मुद्दाम लिहिण्याचें कारण असें कीं, शाहू मोडक हा अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील मुलगा होता. हिंदु बांधवांनीं या ख्रिस्ती मुलाला कृष्ण म्हणून डोक्यावर घेतलें, आणि पुढें १९४० सालीं त्यालाच ज्ञानेश्वर म्हणूनही पाहिलें. कोणाच्या मनांत किंतु आला नाहीं. आजच्या दिवसांत ही गोष्ट आठवून आम्हांस बरें वाटतें. ‘श्यामसुंदर’ मुंबईस पंचवीस आठवडे चालला, म्हणजे त्याचाही रौप्यमहोत्सव झाला.

त्या वेळीं पडद्यावर गाणें म्हणजे काय होतें हें तरुण वाचकांनीं समजून घेतलें पाहिजे. एकीनें गावें व दुसरीनें ओठ हालवावे ही सोय अजून निघावयाची होती. नटीनें छायायंत्रासमोर उभें राहून अभिनय करावा व त्याच वेळीं गावें. वादकांनीं यंत्राच्या नजरेबाहेर, कधीं एखाद्या पडद्याआड तर कधीं झाडामागें बसून साथ करावी. मायक्रोफोन डोक्यावर टांगलेला असे, त्यापासून मान फार वळली कीं आवाज पडे. एक स्वर चुकला कीं सर्व पहिल्यापासून. यामुळें बहुतेक गाणाऱ्या नट्या खांबासारख्या ताठ उभ्या राहून गात. शांताबाईंनीं ही रीति मोडली.

ती मोडली १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’ या चित्रपटांत. दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनीं १९२९ सालीं कोल्हापुरास काढिलेली प्रभात कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली, व तेथील नव्या जागेंत काढिलेला हा पहिला चित्रपट. कथा बळिदानाची चाल बंद करणाऱ्या राजाची व त्या राजावर उलटणाऱ्या राजगुरूची. राजगुरूचें काम चंद्रमोहन यांनीं केलें. त्यांचे ते पडदाभर दिसणारे डोळे एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. शांताबाईंकडे नायकाच्या बहिणीचें, सुमित्रेचें काम होतें. गातांना त्यांचे हात बोलूं लागले, मान डोलूं लागली, डोळे गाण्याच्या अर्थाबरोबर हंसूं व रुसूं लागले. मुलगी घरांत वावरतां वावरतां गुणगुणावी तसें तें गाणें झालें. संगीत केशवराव भोळे यांचें होतें, व गाणारीला अशी मोकळीक देण्याचें धारिष्ट त्यांचें व दिग्दर्शक शांताराम यांचेंही मानलें पाहिजे.

‘अमृतमंथन’ मराठींत व हिंदींत असा दोन्ही भाषांत निघाला. येथें दोन भाषा म्हणजे आजच्यासारखा मागाहून चिकटविलेला दुसरा आवाज नव्हे. तोच देखावा, तोच पोशाख, तेंच दिव्यांचें ऊन. पण प्रत्येक प्रसंग एकदां मराठींत व पुनः एकदां हिंदींत, असा सगळा चित्रपट दोनदां करावयाचा. रडावयाचें तर दोनदां रडावयाचें. हिंदी म्हणजे तरी त्या काळची उर्दूमिश्रित हिंदी; तिचे ते घशांतले उच्चार पुण्याच्या मुलीस जड जाणार हें ठरलेलें. शांताबाईंनीं ते मेहनत करून बसविले. पडद्यावर त्यांचें हिंदी ऐकून उत्तरेकडील लोकांनीं नांवें ठेविलीं नाहींत, यांत सर्व आलें. कंपनीकडे पगार मात्र महिन्याचा होता, चित्रपट एक निघो कीं दोन.

पुढें १९३६ सालीं ‘अमरज्योति’ आला. त्यांतील मुख्य भूमिका, समुद्रावरील लुटारूंची राणी सौदामिनी, दुर्गाबाई खोटे यांची. शांताबाई नंदिनी झाल्या होत्या. दुर्गाबाई मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत शिकलेल्या व मोठ्या घरच्या. त्या पगारी नोकर होऊन कोणत्याही एका कंपनीच्या दावणीस बांधून राहिल्या नाहींत. शांताबाईंस तसें स्वातंत्र्य नव्हतें. दोघी एका चित्रपटांत शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि दोघींची परिस्थिति इतकी वेगळी आहे, हें आम्हांस तो चित्रपट पाहतांना सारखें जाणवत होतें. मास्टर कृष्णराव यांच्या चालींवर शांताबाईंनीं गाइलेलीं गाणीं मात्र देशभर झालीं.

आतां ‘कुंकू’विषयीं. १९३७ सालचा हा चित्रपट हिंदींत ‘दुनिया न माने’ या नांवानें निघाला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो रचिला होता. नीरा नांवाची पोरकी मुलगी मामाच्या घरीं वाढलेली. मामा पैशांच्या लोभानें तिचें लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशीं लावून देतो. नीरा सासरीं येते, पण त्या लग्नाला लग्न म्हणावयास कबूल होत नाहीं. ती पळून जात नाहीं, जीव देत नाहीं, आक्रस्ताळेपणा करीत नाहीं. घरांत राहते, घरांतली कामें करते, आणि नवरा म्हणून त्या म्हाताऱ्यास जवळ येऊं देत नाहीं. बस्स, एवढीच कथा. म्हाताऱ्याचा वयांत आलेला मुलगा तिच्याशीं वाह्यातपणा करूं पाहतो तेव्हां ती छडी घेऊन त्याला फोडून काढते. केशवराव दाते यांनीं काकासाहेबांचें काम असें केलें आहे कीं, त्या म्हाताऱ्याचा राग येतां येतां दया येऊं लागते. तो मिशांना कलप लावितो, आरशापुढें उभा राहतो, आणि भिंतीवरचें जुनें घड्याळ टिकटिक करीत त्याचें वय मोजीत असतें. त्याची विधवा मुलगी सुशीला, ही भूमिका शकुंतलाबाई परांजपे यांची, नीरेची बाजू घेते.

या चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. जे आवाज येतात ते घरांतले व रस्त्यावरचे. त्यामुळें नीरा गाऊं लागली म्हणजे तें गाणें त्या बंद घरांत उघडलेल्या खिडकीसारखें वाटतें. त्यांतच तें इंग्रजी गाणें आहे. अमेरिकन कवि लाँगफेलो याची ‘साम ऑफ लाइफ’ ही कविता आपल्यापैकीं कित्येकांनीं इंग्रजी शाळेंत पाठ केली असेल, आणि पाठ करतांना तिचा कंटाळाही केला असेल. शांताबाईंनीं ती गाइली आहे. सोलापूरकडची, मराठींत वाढलेली मुलगी ती. उच्चार आमच्या कॉन्व्हेंटांतल्या मुलींसारखे नाहींत हें खरें, पण शब्दांचा अर्थ तिला ठाऊक आहे, व तो स्वतःच्या जिवावर बेतलेला आहे, हें पहिल्या ओळीपासून कळतें. आमच्या गायनवृंदांतील मंडळींनीं तें गाणें एकदां ऐकावें. परकी भाषा गातांना उच्चाराइतकेंच समजून गाण्याला महत्त्व आहे, हें आम्ही दर रविवारीं सांगतों तें त्यांना तेथें कानांनीं पटेल.

शेवट आम्हांस पटत नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. काकासाहेबांस पश्चात्ताप होतो, ते नीरेस मुलीप्रमाणें मानून मोकळी करतात, व स्वतः आपल्या जिवाचा अंत करून घेतात. कथाकाराला दुसरी वाट दिसली नसेल. कायद्यांत हिंदु स्त्रीला घटस्फोटाची वाट त्या वेळीं सर्वसाधारणपणें नव्हती. परंतु पश्चात्ताप झालेल्या मनुष्याला जगूं द्यावयास हवें होतें.

आम्ही सेमिनरीच्या अभ्यासासाठीं पुण्यांत कांहीं वर्षें होतों, तेव्हां एका चित्रपट मंडळाच्या खेळांत ‘कुंकू’ पहिल्यानें पाहिला. बरोबर सहाध्यायी होते. खेळ संपल्यावर सायकलींवरून परततांना कोणी बोलेना. मग एकानें आपल्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगितली, ती येथें लिहिण्याची नव्हे.

१९३८ सालच्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटांत शांताबाई पुनः राधा झाल्या. कृष्ण बालगायक राम मराठे. दामले व फत्तेलाल यांचा हा चित्रपटही दोन्ही भाषांत निघाला व फार चालला. कीर्तीचें शिखर म्हणतात तें हेंच.

आणि त्याच शिखरावर १९३९ सालीं ती गोष्ट घडली. प्रभात कंपनी ही शिस्तीची कंपनी होती. नट, वादक, सुतार, रंगारी सर्व महिन्याच्या पगारावर, व कराराच्या मुदतींत बाहेर काम करावयाची मोकळीक नाहीं. या व्यवस्थेनें मोठे चित्रपट निर्माण झाले हें नाकारतां येणार नाहीं. नवख्या माणसांस शिकवून तयार करावयाचें व ती तयार झालीं कीं दुसऱ्यानें उचलावयाचीं, याला कोणतीही कंपनी राजी होणार नाहीं. परंतु करारांत बांधलेल्या माणसाच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. नटीच्या हातीं वर्षें थोडीं असतात. तिच्या नांवावर चित्रगृहें भरतात, आणि तिनें कोठें काम करावें, केव्हां करावें, किती घ्यावें, हें दुसरे ठरवितात. शांताबाईंचें व कंपनीचें यावरून बिनसलें. बोलणीं निष्फळ झालीं. तेव्हां शांताबाई कंपनीच्या दरवाज्याशीं येऊन बसल्या व त्यांनीं अन्न वर्ज्य केलें.

उपोषण हें त्या काळीं हवेंतच होतें. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत गांधीजींनीं राजकोटास उपोषण केलें होतें. परंतु पगारी नटीनें मालकाच्या दारांत उपाशी बसावें हें कोणी पाहिलेलें नव्हतें. वर्तमानपत्रांस विषय मिळाला. कित्येकांनीं थट्टा केली, कित्येकांनीं हा जाहिरातीचा प्रकार म्हटला. ज्या नीरेला त्यांनीं पडद्यावर टाळ्या वाजविल्या होत्या तीच नीरा रस्त्यावर येऊन बसली तेव्हां टाळ्या वाजविणारे थोडे निघाले. उपोषण फार दिवस चाललें नाहीं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तें सुटलें, आणि शांताबाईंचा प्रभातशीं संबंधही सुटला. विशेष असें कीं, त्याच १९३९ सालीं मुंबईस हिंदी चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव साजरा झाला होता. आपण महोत्सव करतों तेव्हां दाराबाहेर कोण बसलें आहे हें पाहून यावें, असें आमच्या समितीला आम्हीं या निमित्तानें गंमतीनें म्हटलें. आणि मग मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांचीं नांवें आपल्या यादींत नाहींत असें ध्यानांत आलें. तीं आतां मिळविलीं आहेत.

आमच्या धर्मांत उपवास हा मनुष्य स्वतःच्या पापांसाठीं करतो, दुसऱ्यास वाकविण्यासाठीं नव्हे. त्या दृष्टीनें शांताबाईंची रीति आम्हांस सर्वस्वीं मान्य होणार नाहीं. पण ज्याच्या हातीं दुसरें साधन नाहीं त्यास बोल लावावयाचा तर आधीं साधन द्यावें लागतें. चित्रपटांतील कामगारांचा बळकट संघ तेव्हां नव्हता.

त्यांचा राग दुसऱ्या रीतीनेंही प्रसिद्ध आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल हे जहाल लेखणीबद्दल नांवाजलेले होते. त्यांनीं शांताबाईंविषयीं अनुदार मजकूर छापल्यावरून बाई त्यांच्या कचेरींत गेल्या व त्यांनीं संपादकांस छडीनें मारलें, अशी कथा सांगतात. ती ‘कुंकू’तल्या प्रसंगाशीं इतकी जुळते कीं, सांगणाऱ्यांनीं तिला थोडें तिखटमीठ लाविलें असेल. मारणें वाईटच. तथापि बायकांच्या अब्रूवर लिहून पोट भरणाऱ्या लेखण्या आपणही पाहिल्या आहेत, तेव्हां आम्ही यावर अधिक लिहीत नाहीं.

याहून चांगलें उत्तर त्यांनीं लेखणीनें दिलें. १९४० सालीं त्यांचें ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें मराठी पुस्तक निघालें. सिनेमांत जाण्याचीं स्वप्नें पाहणाऱ्या तरुणतरुणींस उद्देशून तें आहे, व नांवांतलें प्रश्नचिन्ह हाच त्याचा विषय आहे. पडद्यावरील झगमगाटामागें पैसेवाल्यांची सत्ता कशी चालते, कलावंताच्या शरीराला केवढा शीण होतो, आणि त्या शिणाचा हिशेब कोणीच कसा ठेवीत नाहीं, हें त्यांनीं उघड लिहिलें. नट्यांच्या नांवावर छापलेले लेख तेव्हां पुष्कळ येत. साडी कोणती आवडते, फूल कोणतें आवडतें, असले. त्या दिवसांत चोवीस वर्षांच्या नटीनें आपल्या धंद्याकडे मजुराच्या डोळ्यांनीं पाहून पुस्तक लिहावें, हें आम्हांस त्यांच्या सर्व गाण्यांहून मोठें वाटतें. गाण्याचे रसिक यावर रागावतील. रागावोत.

प्रभात सुटली म्हणून त्या घरीं बसल्या नाहींत. १९४१ सालीं त्या एकदम तामिळ चित्रपटांत दिसल्या. वाय. व्ही. राव यांच्या ‘सावित्री’ चित्रपटांत सावित्रीची भूमिका त्यांची होती. हिंदी ही निदान मराठीची बहीण आहे. तामिळीचें घराणेंच निराळें. दुसऱ्याच्या आवाजावर काम भागवितां आलें असतें. शांताबाईंनीं सुमारें एक वर्ष तामिळीचा अभ्यास केला, आणि आपलीं भाषणें आपण बोलल्या व आपलीं गाणीं आपण गाइल्या. त्यांत मराठी हेल होता हें दक्षिणेकडील रसिकांच्या ध्यानांत आलेंच. पण याच चित्रपटांत नारदाची भूमिका एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांची होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे शांताबाईंचें धाडस कळतें. दक्षिणेंतील सर्वांत मधुर गळा ज्या चित्रपटांत गात आहे त्याच चित्रपटांत, वर्षापूर्वीं शिकलेल्या भाषेंत, तिच्यासमोर गावयाचें! सुब्बुलक्ष्मी यांनीं हें काम स्वीकारलें तें आपल्या पतीच्या ‘कल्कि’ नियतकालिकास भांडवल मिळावें म्हणून, व त्या पैशांतून तें १९४१ सालीं सुरू झालें. एकाच चित्रपटांत दोघी गायिका, एक स्वतःच्या पायांवर उभी राहण्यासाठीं आलेली, दुसरी घरच्या छापखान्यासाठीं.

आम्हांस सेमिनरींत लॅटिन शिकावें लागलें होतें, आणि परकी भाषा नुसती वाचणें निराळें व चारचौघांसमोर तोंडानें बोलणें निराळें, हें आम्ही अनुभवानें जाणतों. पहिल्या प्रयत्नांत आमच्यावर हंसलेल्या मित्रांचे चेहरे अजून आठवतात. शांताबाईंवर हंसणारे मद्रास इलाख्यांत गांवोगांवीं बसलेले असणार.

दक्षिणेहून त्या उत्तरेस गेल्या. १९४२ सालीं लाहोरच्या पंचोली यांच्या ‘जमीनदार’ चित्रपटांत त्यांनीं काम केलें. संगीत गुलाम हैदर यांचें, पंजाबी ठेक्यांचें. त्याच वर्षीं देवकी बोस यांच्या ‘अपना घर’मध्यें त्या चंद्रमोहन यांच्याबरोबर दिसल्या, तोही मराठींत व हिंदींत निघाला. १९४३ च्या ‘दुहाई’मध्यें नूरजहाँ त्यांच्याबरोबर होत्या. म्हणजे दहा वर्षांत पुणें, मद्रास, लाहोर व मुंबई अशीं चारही ठिकाणचीं वळणें त्यांनीं आपल्या गळ्यांत उतरविलीं. हे सर्व चित्रपट सारख्या तोलाचे नव्हते. कांहीं आज नांवापुरतेच उरले आहेत. कंपनीबाहेर पडून स्वतंत्रपणें काम करणाऱ्यास चांगल्या-वाइटाची निवड पोटाकडे पाहून करावी लागते, व त्याची किंमत शांताबाईंनींही दिली. शांतारामांसारखा दिग्दर्शक त्यांना पुनः लाभला नाहीं. प्रभातलाही त्या गेल्यावर दुसरी नीरा मिळाली नाहीं. १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटांत शांता हुबळीकर यांनीं उत्तम काम केलें, पण तो गळा व तो बाणा निराळा.

काळही पालटत होता. पार्श्वगायनाची पद्धति रूढ झाली, आणि गाणारी व दिसणारी या दोन बायका झाल्या. १९४६ सालीं मास्टर विनायक यांनीं ‘सुभद्रा’ काढिला, नायिका शांताबाई. त्या चित्रपटांत सतरा वर्षांची एक मुलगी लहानसें काम करीत होती, व तिनें शांताबाईंबरोबर एक गाणेंही गाइलें. तिचें नांव लता मंगेशकर. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या मुलीचा आवाज इतक्या नायिकांच्या तोंडून येऊं लागला कीं, स्वतः गाणारी नायिका हवी कशाला, असें निर्मात्यांस वाटूं लागलें. यांत कोणाचा दोष नाहीं. लताबाईंसारखा आवाज शतकांत एखादा. परंतु डोळे, हात व गळा हीं तिन्ही एकाच बाईचीं असलीं म्हणजे गाण्याला जी जिवंत चव येते तिला रसिक मुकले, आणि शांताबाईंसारख्यांचा व्यवसाय त्यांच्या देखत आटत गेला.

१९४८ सालीं त्या ‘भाग्यरेखा’ या मराठी चित्रपटांत दिसल्या. त्याचे दिग्दर्शक शांताराम आठवले, म्हणजे ‘कुंकू’चीं मराठी गाणीं लिहिणारे कवि, आणि नटवर्गांत पु. ल. देशपांडे होते. नंतरच्या दहा वर्षांत कामें येत राहिलीं, पौराणिक चित्रपटांत अधिक, पण लोक त्यांना पाहावयास जात ते बहुधा जुन्या आठवणीनें. प्रभात कंपनी स्वतःच १९५३ सालीं बंद पडली.

शेवटचे सहा महिने शांताबाईंनीं आजारांत काढले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजीं मुंबईंत अंधेरीस त्यांचें निधन झालें. वय अठ्ठेचाळीसही पुरें नव्हतें.

प्रभातच्या जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटाचें शिक्षण देणारी संस्था काढिली. आम्ही विद्यार्थी असतांना लॉ कॉलेज रस्त्यावरून त्या दरवाज्यासमोरून अनेकदां सायकलीवरून जात असूं. तेथें कोण उपाशी बसलें होतें हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. तेथून जवळच, जुने चित्रपट जतन करून ठेवणारें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें तें फेब्रुवारी १९६४ मध्यें, शांताबाई गेल्या त्याच महिन्यांत.